गोरी पिल्लं

"डोळा दाखव." समोर कोण आहे हे न बघता ती आधी एवढंच म्हणायची आणि बोटानं खालची पापणी ओढायची. आत लाल दिसलं तर "जा, पळ." फिकं दिसलं तर मात्र रक्तवाढीच्या गोळ्या तिच्यासमोर गिळाव्या लागायच्या. तुमच्याही गावात अशी नर्सबाई असेल, पण आमची सिस्टर औरच! एका नवरीची पापणी तिनं मांडवातच ओढली. नवरदेव हसला, "माही पाहता का?" तर म्हणाली, "तुमचं रक्त लई उसळून राहिलं, इथूनच दिसतं."

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बाळापूरच्या अलीकडं आमचं गाव. मी हट्ट करून एक पांढरी विलायती डुकरीण आणवली. गल्लीतल्या काळ्या डुकरांत ही मडमच! तिला चिखलात कसं ठेवायचं? आमच्या मालकांनी सिमेंटची खोली बांधली, मी ती रोज धुवायची. मातीचा कण म्हणून नाही.

पिल्लं झाली, आणि दिवसागणिक पांढरी होत गेली. बायका म्हणायच्या, "किती गोरी वो, वैनी!" मी फुगून जायची. मग त्यातली दोन मेली. बाकीची दूध सोडून कोपऱ्यात पडून राहिली. सासू म्हणाली, नजर लागली. मालक म्हणाले, "ही बी गेली तर डुकरीण वापस. पुन्हा नाव काढायचं न्हाई."

सिस्टर माझ्या गरोदर जावेला बघायला आली होती. तिनं सवयीनं एक पिल्लू उचललं, पापणी ओढली आणि ओरडली, "गोरी काहून म्हणता वो? यांच्यात रक्तच न्हाई!"

मालक म्हणाले, "मग बाळंतिणीच्या गोळ्या द्या."

"माणसाची गोळी माणसाला! काढा सायकल."

पिल्लू पदरात घेऊन ती कॅरियरवर बसली. जनावरांचे डॉक्टर लगेच आले, सगळ्यांना लोहाचं इंजेक्शन दिलं. म्हणाले, आईच्या दुधात लोह अगदी कमी असतं. बाकीचं लोह पिल्लं माती उकरून मिळवतात, तुमच्याकडं ती मातीच नाही. लोहाची पावडरही दिली. ती गुळाच्या पाण्यात कालवून डुकरिणीच्या सडांना लावायची, म्हणजे दुधाबरोबर पोटात जाते.

लावणार कोण? डुकरीण हलूच देईना. सिस्टर पदर खोचून बसली. "गप पड, भवाने! तुह्याच लेकरांसाठी चाललंय."

हळूहळू कान गुलाबी झाले, मग नाकं. मग दुधासाठी अशी मारामारी सुरू झाली की काय सांगू! उरलेली सगळी जगली. सासूनं गल्लीत साखर वाटली.

पुढं सिस्टरची बदली झाली. नंतर ती कधी भेटली नाही, पण तो निरोपाचा दिवस जसाच्या तसा डोळ्यांपुढं आहे. सगळी गल्ली जीपजवळ, मी रडून राहिले होते. तेवढ्यात आमची ती पिल्लं, पिल्लं कसली, धटिंगणंच, दार मोडून गर्दीत घुसली. एकानं पाटलांना धोतरासकट आडवं केलं. पकडायला अख्खा गाव, हाती एक नाही! सिस्टर जीपमधून टाळ्या वाजवत ओरडत होती, "पळा, माय, पळा!"

जीप निघाली. पुढं डुकरं, मागं जीप. ड्रायव्हर हॉर्न वाजवून थकला, पण वाट सोडायला एकही तयार नव्हतं.