रोज एक भजन

चामराजपुरमच्या माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात ते एकदाच आले. शिंपी होते, मापाची टेप गळ्यात तशीच. बायको वारल्यावर तिनं गायलेली भजनंच तेवढी कॉम्प्युटरवर उरली होती. पण ‘डिस्क भरली’ असं तो रोज सांगायचा, म्हणून हे रोज एक भजन शेवटचं ऐकून पुसायचे.

मी उघडून पाहिलं. मेला अँटीव्हायरस तात्पुरत्या फायली साठवत सुटला होता. भजनांची जागाही त्यानंच गिळली होती. सगळी भजनं पुसून झाली होती, आता ती परत मिळणार नव्हती. त्या तात्पुरत्या फायली पुसल्या आणि, गप्प बसायचं सोडून, खरं ते सांगून टाकलं: भजनं पुसायची गरजच नव्हती.

ते बोटाला टेप गुंडाळत राहिले.

“आता जागा झाली, सार?”

“भरपूर.”

“अय्यो,” ते म्हणाले, “आता ठेवू काय तिथं?”