आवाज कुठनं आला?

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं म्हणतात. ज्यानं कुणी ही म्हण काढली, त्यानं आमच्या आत्याबाईंना सोबत नेऊन घर बघितलेलं नसणार.

मी शिवांजली, माहेर ढोकीचं. सासू-सासरे मी फोटोतच बघितले. त्र्याण्णवच्या भूकंपात दोघं गेले, तेव्हा माझा नवरा इंद्रजित चार वर्षांचा होता. त्याला वाढवलं त्याच्या आत्यानं, दगडाबाईनं. आधीची भावंडं जगत नव्हती, म्हणून ही पोर तरी टिकू दे असं म्हणून ठेवलेलं ते नाव. टिकल्या बाई. विधवा होऊन भावाकडं राहायला आलेल्या, सोबत एकुलती लेक, दीपमाला. ती पण त्याच पहाटे गेली. मागं राहिले आत्या आणि भाचा.

आम्ही धाराशिवला भाड्यानं राहत होतो, आत्याबाई माकणीकडं पुनर्वसनाच्या गावात एकट्या. सरकारी पक्कं घर आहे त्यांना, पण त्यात ज्वारीची पोती झोपतात आणि या अंगणात पत्र्याखाली. सत्तरी गाठली तरी तेच. गेल्या हिवाळ्यात छातीत कफ भरला, दवाखान्यात ठेवावं लागलं. डॉक्टर म्हणाले, पुढची थंडी बाहेर काढली तर माझ्या हातात काही नाही. तेव्हापासून इंद्रजितनं धोशाच लावला, थंडीच्या आत घर घ्यायचं आणि आत्याला आणायचं. आत्याबाईंचं एकच म्हणणं होतं, "म्या बघितल्याबिगर घिऊ नका."

आता मी घर बघते ते कसं? पाणी किती दिवसांनी येतं ते मालकाला नाही, शेजारणीला विचारायचं. बोअर चैतात आटतं का, काळ्या मातीत पाया किती खोल नेलाय, कोपऱ्यातल्या भेगा बुजवून वर रंग फासलाय का, ओढा बुजवून प्लॉट पाडलेत का, शाळेची रिक्षा दारापर्यंत येते का, हे सगळं. मालक घाम पुसायला लागला की समजायचं, बरोबर ठिकाणी बोट ठेवलं.

आत्याबाईंना यातल्या कशाशी देणंघेणं नाही. त्या कुठल्या तरी खोलीत शिरायच्या, दार-खिडक्या लावून घ्यायच्या आणि आतून ओरडायच्या, "मी हितं हाय!" इंद्रजितनं बाहेर रस्त्यावर घराकडं पाठ करून उभं राहायचं आणि आवाज कुठल्या खोलीतनं आला ते बोट करून दाखवायचं. चुकला की घर बाद. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, तशी आमची गत. विमानतळाकडचं एक घर तर इतकं झकास होतं, पण नाही म्हणजे नाही. एजंट लोक आमचा नंबर बघून फोन उचलेनासे झाले.

आणि दुसरं एक. रोज दिवेलागणीला आत्याबाईंचा फोन. "आज कुठं निजताव?" माझं नवीन लग्न झालेलं तेव्हाची गोष्ट. इंद्रजित अगदी सरळ चेहऱ्यानं सांगायचा, "मी खिडकीकडं, ती भिंतीकडं, आत्या." अगं बाई, मला धरणी पोटात घेईल तर बरं असं व्हायचं! "अहो, हे पण सांगायचं असतंय का?" म्हटलं तर म्हणाला, "सांगून टाकायचं. तिला झोप लागते." पुढं कधी काही बोलला नाही. मीही मनात हसून सोडून दिलं.

दसरा झाला आणि तुळजापूर रस्त्याच्या अंगाला एक रो-हाऊस सापडलं. पाया चांगला, शेजार चांगला, पाणी बरं. कधी नव्हे ते मला खोड काढता येईना. दाखवायला आलेला रणधीर नावाचा एजंट तोंडाचा पट्टा सोडून होता. "खिडक्या बघा ताई. बाहेर डीजे वाजू द्या, आत निवांत पारायण करा."

"आतला आवाज भाईर जातो का?" आत्याबाईंनी विचारलं.

"आतलं कशाला बाहेर जातंय आजी? घरातली भांडणं घरातच ऱ्हातेत!"

आत्याबाई हसल्या नाहीत. मागच्या खोलीत गेल्या, सगळं लावून घेतलं. बाहेर इंद्रजितनं स्वयंपाकघराकडं बोट केलं. दार उघडून आत्याबाई म्हणाल्या, "न्हाय."

माझं टाळकंच सरकलं. इंद्रजित रणधीरसोबत फाटकापाशी होता, तेवढ्यात मी खोलीत शिरले. "आत्याबाई, बस झालं. थंडी उंबऱ्यावर आली. तुम्ही पत्र्याखाली खोकून खोकून जायचं आणि आमी घरं बघत फिरायचं, असंच हाय का तुमच्या मनात?"

त्या खाली बसल्या. नवीन फरशीवर, भिंतीला पाठ लावून.

"दीपा माझी खांबापाशी निजायची," त्या म्हणाल्या. "ह्यो इंद्रा दारापाशी. रोजची जागा. त्या दिशी गणपती बुडवून आलो, समदी दमल्याली. ह्याला दारापाशी भ्या वाटलं आसंल. दीपानं आपली जागा ह्याला दिली. आमास्नी काय ठावं? म्या वसरीवर हुते म्हनून वाचले. डोईवरचं धाबं खाली आलं, मानूसभर माती. लोकांनी इचारलं, कोन कुठं निजलंय? म्या खांबाकडं दावलं. माझी लेक पयली काढा म्हनलं. काढली तर ह्यो निघाला. जिता."

मी त्यांच्यासमोर खाली बसले.

"मग दारापाशी कुनी गेलंच न्हाय. तिथलं पोर घावलं हुतं की. आमी खांबापाशीच उकरत बसलो. आन् आवाज यायचा, आये, मी हितं हाय. दोन-अडीच हात रुंदीच्या भिंती पडल्याल्या. कुठनं येतो ते कळंना. दुपारच्याला बंद झाला."

त्यांनी मान लांब करून दाराबाहेर कुणी नाही ना ते बघितलं. मग म्हणाल्या, "इंद्राला ह्यातलं कायबी ठावं न्हाय. सांगू नको. आपन कुनाच्या जागेवर निजलो हे कळलं तर त्याला झोप लागायची न्हाय."

इतकी वर्षं मी त्या फोनला हसत होते. मी उठून खिडकी सताड उघडली. म्हटलं, "ही आपण कधी लावायचीच नाही. आता बघू या परत. तुम्ही बसा, मी ओरडते." आणि सगळा जीव एकवटून ओरडले, "मी हितं हाय!"

बाहेरनं धावत येणाऱ्या चपलांचा आवाज आला. इंद्रजित सरळ या खोलीच्या दारात येऊन थांबला. आवाज कुठनं आला हे त्याला कुणी विचारावं लागलं नाही.

"तू ओरडू नको असं," तो मला म्हणाला. "आत्या ओरडती तेव्हा म्हातारा आवाज असतो, चालतंय. तुझा..." आणि आत्याकडं नजर गेली तसा तो थांबला.

आत्याबाई हळूच म्हणाल्या, "तुला ध्यानात हाय?"

"म्या बोट करत हुतो, आत्या," एरवी ऑफिसातलं शुद्ध बोलणारा माझा नवरा म्हणाला. "काढल्यावर म्या लई येळ बोट करत हुतो. लोक म्हनले, पोरगं भेलंय, पानी पाजा."

फाटकाशी रणधीर कुणाशी तरी फोनवर हसून बोलत होता, ते सगळं स्पष्ट ऐकू येत होतं. आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला, मग काढला.

"मला तवा बघायचं कळलं न्हाय, बाबा," त्या म्हणाल्या. "आता दाव. कुठं हुती?"

पस्तिशी ओलांडलेला माणूस फरशीवर कुशीवर आडवा झाला, गुडघे पोटाशी घेऊन. आणि झोपल्या झोपल्या त्यानं हात लांब करून दाराकडं बोट केलं. आत्याबाई गुडघ्यावर रांगत दारापाशी गेल्या आणि तिथं दोन्ही तळवे टेकून बसल्या. मी खिडकीकडं तोंड केलं. मागनं त्या म्हणाल्या, "घ्या हे घर."

दिवाळीनंतर आम्ही राहायला आलो. त्या खोलीच्या दाराची कडी इंद्रजितनं पहिल्याच दिवशी काढून टाकली. खिडकी उघडीच असते, डास येतात, येऊ द्या. आत्याबाई पहिल्यांदाच आपणहून स्लॅबखाली झोपतात आणि थंडी सरली तरी खोकला म्हणून नाही. दिवेलागणीला सगळ्यांना जागा विचारतात, आम्ही सांगतो. मग इंद्रजित विचारतो, "आत्या, आणि तू?"

त्यांची कॉट आम्ही दारापाशीच टाकलीय. त्या भिंतीकडच्या कडेला अंग चोरून झोपतात. दाराकडची निम्मी कॉट मोकळी असते, तिथं आम्ही कुणी बसत नाही.