सर्व्हर उठेपर्यंत

आमच्या ऑफिसात नवा प्रोजेक्ट सुरू करायची एक पद्धत होती, आणि तिचा मला आजही संताप येतो. जुन्या प्रोजेक्टमधलं लायब्ररीचं फोल्डर उचलायचं आणि नव्यात जसंच्या तसं ओतायचं. आमचे साहेब म्हणायचे, "राहू द्या, लागते कधीतरी." त्यामुळे धंतोलीतल्या एका हॉस्पिटलसाठी केलेल्या आमच्या सॉफ्टवेअरच्या पोटात लकडगंजच्या लाकूड व्यापाऱ्याच्या बिलांचे जार होते, कुठल्याशा शाळेच्या हजेरीचे होते, आणि कशाचे ते कुणालाच ठाऊक नाही असेही होते.

जार म्हणजे कोडच्या क्लासेसची गाठोडी. सर्व्हर नव्याने सुरू झाला की तो प्रत्येक गाठोडं सोडतो, आतला एकेक क्लास चाळतो, आपल्यासाठी कुठे काही खूण ठेवली आहे का बघतो. लाकडाच्या बिलांत पेशंटच्या नोंदणीची खूण कुठून सापडणार? पण तो बापडा शोधत राहायचा, आणि तोवर हॉस्पिटलातली प्रत्येक स्क्रीन बंद. साहेबांचा हुकूम असा की दुरुस्ती झाली की लगेच चढवायची आणि सर्व्हर पुन्हा सुरू करायचा, ओपीडी भरलेली का असेना. मग सर्व्हर उठेपर्यंत अख्खं ऑफिस खाली टपरीवर तर्री-पोहे खायला. साहेब याला टीम स्पिरिट म्हणत. माझ्या घशाखाली ते पोहे उतरत नसत.

कारण हॉस्पिटलातला नोंदणीचा काउंटर मी पाहिला होता. प्रिंटर जोडून द्यायला हॉस्पिटलात गेले होते आणि नेमकं तेव्हाच ऑफिसातून नवं व्हर्जन चढवलं गेलं. नोंदणीला कामठीहून येणारी एक मुलगी बसायची. समोर कुठकुठल्या गावांहून पहाटेच निघालेली माणसं. एकाने काचेवर हात आपटला आणि तिच्या आईबापांचा उद्धार केला.

"ताई, मी काय करू?" ती माझ्याकडे वळून म्हणाली. "स्क्रीन नुसती फिरून राहिली अन् लोक मले शिव्या देऊन राहिले. मॅनेजर म्हणते, तूच स्लो आहे. आणखी तक्रार आली तर काढून टाकतो म्हणते."

मी तशीच मॅनेजरकडे गेले. दोष आमच्या सर्व्हरचा आहे, म्हणून सांगितलं. त्याने मोबाइलवरून मान वर केली नाही. ऑफिसात येऊन साहेबांना म्हटलं, सर्व्हरला एवढंच सांगायचंय की फक्त आपलीच गाठोडी उघड, बाकीच्यांना हात लावू नकोस. काही ओळींचं काम आहे, मी तपासूनही पाहिलंय.

"मॅडम, चालत्या गाडीले काहून हात लावता?"

"पण तिथे त्या मुलीची नोकरी जाईल."

"ते हॉस्पिटलवाले पाहतील. आपल्याले काय करायचं?"

स्वतःच्या गाडीला गॅरेजमध्ये जरा उशीर झाला तर मेकॅनिकला फाडून खाणारा हा माणूस! पुढे कधी रिलीज झाल्यावर बघू, कधी दिवाळीनंतर बघू. मी विचारायची आणि तो टोलवायचा.

शेवटी त्याचीच फजिती झाली. नव्या गिऱ्हाइकासमोर डेमो देताना सर्व्हर उठेचना. घाम पुसत बाहेर आला आणि म्हणाला, "करून टाका ते तुमचं." मी त्याच दुपारी केलं. टपरीवाल्याने पोह्यांवर तर्री ओतायच्या आत हॉस्पिटलचा सर्व्हर उभा राहिला.

पुढच्या आठवड्यात साहेबांबरोबर हॉस्पिटलात गेले. काउंटरवर वेगळाच चेहरा होता. रांग भराभर सरकत होती. मॅनेजर आज अगदी खुशीत.

"जुन्या पोरीले काढलं साहेब. आता पाहा, काउंटर कसं पळून राहिलं!"

"ती स्लो नव्हती," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "आमचा सर्व्हर स्लो होता. मी तुम्हाला सांगितलंही होतं."

साहेबांनी माझ्याकडे डोळे वटारले आणि मॅनेजरकडे वळून हसले. "माणूस बदलला की फरक पडतेच."

काचेपलीकडे नव्या मुलीने ते ऐकलं. आपलं कौतुक चाललंय असं वाटून ती आणखी भराभर टाइप करायला लागली.