अण्णांचा कंदील आणि इंजिनाचा धूर

दत्ताचा एक पाय यारीच्या बकेटमध्ये होता. मी मागून त्याची कंबर धरली आणि आम्ही दोघंही दगडांच्या ढिगावर पडलो.

"सोड बे. भाऊ हाय माजा खाली."

"माझाबी हाय. सोडत न्हाई."

यारी म्हणजे विहिरीतला दगड-गाळ वर ओढायची क्रेन. धारूरजवळच्या आमच्या गावात माझ्या चुलत्यांच्या, म्हणजे अण्णांच्या विहिरीचं खोलीकरण चाललं होतं. पन्नास फूट खाली, पंपाच्या शेजारी, दत्ताचा थोरला भाऊ, म्हणजे माझाही चुलत भाऊ, बबन आडवा पडला होता. हाका मारल्या तरी हलत नव्हता.

मी नेव्हीत कुक आहे. दहावी झाली आणि शाळा सोडली. तेवढ्यावर जिथं घेतील तिथं जायचं होतं, नेव्हीनं घेतलं. आमच्याकडं पोहायला पाणी नाही, तरी त्यांनी मला पोहायलाही शिकवलं. सध्या आमचं जहाज विशाखापट्टणमला असतं आणि मी सुट्टीवर आलो होतो. गावात सगळे मला 'नेव्ही' म्हणतात आणि लगेच विचारतात, "काय नेव्ही, किती चपात्या लाटल्या?" लाटतोच. पण जहाजावर कुकलाही आग विझवणं, जखमीला उचलणं, बंद टाकीत उतरायचे नियम, सगळं शिकावं लागतं. भर समुद्रात कुणाला बोलावणार?

ट्रेनिंग देणारे आमचे चीफ केरळचे. जहाजात टाक्या, तळातले कप्पे, अशा बंद जागा पुष्कळ. तिथली हवा विषारी असली तरी ती दिसत नाही, कित्येकदा वासही येत नाही. चीफ प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचे. टाकीत तुझा दोस्त बेशुद्ध पडलाय, काय करशील? मी पहिल्या दिवशी छाती काढून म्हणालो, "लगेच उतरेन, चीफ."

चीफ बाकीच्यांकडं वळून म्हणाले, "लिहून घ्या. दोन मेले."

त्या सकाळी विहिरीत पाझराचं पाणी साचलं होतं. ते काढल्याशिवाय कामगारांना खडक फोडता येत नाही. इतक्या खोलातलं पाणी वरचा पंप ओढू शकत नाही, म्हणून पेट्रोलवरचं पंपाचं इंजिन यारीनं तळाजवळच्या खडकाच्या टप्प्यावर सोडलं होतं. ते तास-दीड तास चाललं. पाणी संपलं, तेव्हा कुणीतरी उतरून ते बंद करायला हवं होतं. उतरण्याआधी अण्णांनी पेटता कंदील दोरानं खाली सोडला. ही आमच्याकडची जुनी रीत. कंदील विझला तर खाली हवा नाही, जळत राहिला तर बिनधास्त उतरा. कंदील जळत राहिला. बबन बकेटमध्ये उभा राहून खाली गेला, आणि रिकामी बकेट वर आली.

मी तिथंच उभा होतो. धूर सोडणारं इंजिन इतका वेळ खाली चाललं, हे मला खटकलं होतं. पण चुलत्यापुढं आजवर कधी तोंड उघडलं नव्हतं, आणि चपात्या लाटणारा विहिरीतलं काय सांगणार? गप्प बसलो.

कंदिलाचा हिशेब अर्धाच बरोबर आहे. खाली जाळ टिकेल इतकी हवा आहे का, एवढंच तो सांगतो. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो. त्यात कंदील मजेत जळतो आणि माणूस पडतो. कारण रक्त हवेतला ऑक्सिजन सोडून तोच वायू धरून बसतं. बबननं इंजिन बंद केलं, वर हात केला, मग डोकं धरून खाली बसला, आणि कलंडला.

शेजारच्या दोघांनी दत्ताला धरलं. मी रशीदभाईंकडं गेलो. यारी त्यांची, आणि खडकाला भोकं पाडायचा ट्रॅक्टर कॉम्प्रेसरही त्यांचाच.

"रशीदभाई, बकेट बाजूला घ्या आणि वरच ठेवा. कुणालाच उतरू देऊ नका. कॉम्प्रेसर चालू करून हवेचा पाइप खाली सोडा. बबनच्या तोंडापाशी."

"पाइप कमी पडंल."

"दुसरा जोडा. आन् ट्रॅक्टरचा धूर विहिरीकडं येऊ देऊ नका."

अर्धं आयुष्य विहिरींवर काढलेला माणूस. कारण विचारत बसला नाही. पाइप फुसफुसत खाली गेला.

अण्णांनी विचारलं, "किती वेळ?"

"पाच मिन्टं तरी."

"पाच मिन्टात मरंल त्यो."

 नियमात पाच मिनिटं लिहिलेलीच नाहीत. नियमात हवा तपासायचा मीटर आहे, पाठीवर हवेची बाटली आहे, आणि त्या दोन्ही वस्तू विशाखापट्टणमला होत्या. 108 ला फोन लावला. ऑक्सिजन घेऊनच या, असं दोनदा सांगितलं.

दत्ता ओरडत होता, "नेव्हीत हेच शिकलास का बे, भाऊ मरताना बघत बसायला?"

मी मोबाइलवर मिनिटं बघत होतो.  चौथ्या मिनिटाला बबनचा पाय हलला. 

पाच मिनिटं झाली. मी छातीभोवती दोर बांधला. आम्हाला एक गाठ शिकवतात, जी ओढली तरी सरकत नाही आणि आवळतही नाही. दोराचं दुसरं टोक दत्ताच्या हातात दिलं.

"मी सारखा झटका देत राहीन. झटका थांबला की मला वर ओढ. माझ्या मागं कुणी उतरायचं न्हाई."

"अन् बबन?"

"तरीबी न्हाई."

दत्तानं दोर मनगटाला गुंडाळला. मी बकेटमध्ये उभा राहून खाली गेलो.

खाली पाइपाच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं. मी पाइपाच्या तोंडाजवळच तोंड ठेवलं. बबनच्या काखेतून दुसरा दोर घेतला, गाठ मारली, यारीच्या हुकात अडकवली आणि हात वर केला. तो वर गेला. मागोमाग दत्तानं आणि शेजारच्या त्या दोघांनी मला असं ओढलं की खडकावर दोन्ही गुडघे सोलले.

वर गर्दी जमली होती. बबनचा श्वास चालू होता, पण शुद्ध नव्हती. मी त्याला कुशीवर केलं, म्हणजे उलटी झाली तरी घशात जात नाही. अण्णा तांब्या घेऊन आले.

"पाणी न्हाई अण्णा. बेशुद्ध माणसाला पाजलं तर छातीत जातंय."

चुलतीनं कांदा फोडून आणला होता. तोही बाजूला ठेवायला लावला. एक शेजारी म्हणाला, "तोंडावर लाली हाय की, बरा हाय त्यो." या वायूनं कधीकधी चेहरा लाल दिसतो. ती तब्येत नसते. मी गर्दीला मागं सारलं आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत बबनच्या श्वासावर नजर ठेवून बसलो. श्वास थांबला असता तर छाती दाबायला लागणार होतो. थांबला नाही.

ॲम्ब्युलन्समध्ये त्याला ऑक्सिजनचा मास्क लावला आणि अंबाजोगाईला नेलं. दुसऱ्या दिवशी त्यानं चहा मागितला. डोकं मात्र पुढं बरेच दिवस दुखत राहिलं.

मी परत निघालो तेव्हा दत्ता स्टँडवर सोडायला आला.  गाडी लागल्यावर म्हणाला, "तू धरलंस मला, त्याचा राग हाय अजून."

"आसू दे."

"पण धरलंस ते बरं केलंस."

जहाजावर पोचल्यावर मी चीफना सगळं सांगितलं. खरं सांगतो, शाबासकीची आशा होती. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मीटर होता?"

"नव्हता, चीफ."

"म्हणजे तू उतरलास ते नशिबावर. नवीन मुलांना सांगताना हे आधी सांग. आणि सकाळी खटकलं, तेव्हा बोललास?"

"नाही, चीफ. चुलते होते."

"मग अपघात तेव्हाच झाला. नंतर तू केलीस ती साफसफाई."

वाईट वाटलं. पण त्या माणसाचे माझ्यावर आधीच इतके उपकार आहेत, त्यात हा एक धरला. विहिरीचं काम आता पुन्हा सुरू झालंय. दत्ता फोनवर सांगत होता, खाली पाण्यातली विजेची मोटर सोडतात आणि जनरेटर लांब, धूर विहिरीकडं येणार नाही असा ठेवतात. हे सांगायला मला एक वाक्य लागलं असतं. आता काही खटकलं की मी बोलतो, समोर कुणीही असो. आवाज कापतोच. कापला तरी ऐकू जातो.