पुसलेल्या अर्जाचा क्रमांक

पोलीस ठाण्याच्या तक्रार-खिडकीतला संगणक प्रत्येक अर्जास मागच्याहून एकाने मोठा क्रमांक बहाल करतो आणि पुसलेला क्रमांक पुन्हा कोणासही देत नाही. बाहेर बाकावर लोकांचे अर्ज लिहिणाऱ्या मला ही शिस्त थोर वाटते. माणसे मात्र एकाच देहावर पुन्हा पुन्हा घाव घालतात.

सखूबाईचा हात नवऱ्याने कुऱ्हाडीच्या दांड्याने मोडला, तेव्हाचा अर्ज मीच लिहिलेला. दिरांनी तिला धमकावून तो पुसायला लावला. आज ती फुटलेल्या डोक्याने आली.

"भाऊ, माझा जुनाच नंबर लावा."

"बाई, यंत्र तो देत नाही."

"मग तिथं आता कोण हाय?"

"कोणीच नाही. जागा रिकामी आहे."

पदराने रक्त टिपत ती म्हणाली, "म्हंजी माझा हात मोडला, हे त्या यंत्राला ठावं हाय."

नव्या अर्जाची पहिली ओळ म्हणून मी तिचे हेच वाक्य लिहिले.