खिडकीकडे तोंड करून

मार्चमध्ये आमच्याकडे हळद शिजायला लागली की हवेला एक जडपणा येतो. वारंगा फाट्याच्या दोन्ही अंगांना शेतांतून पांढरी वाफ उठत असते, शिजलेली हळद रानात पसरलेली असते आणि दुपारच्या उन्हात सगळंच थोडं पिवळं, थोडं झोपाळलेलं दिसतं. त्या वासाबरोबर मला अजूनही एक आवाज ऐकू येतो. त्या आवाजाला तेव्हा चेहरा नव्हता.

आमच्या भागात एक छोटी आरोग्य संस्था काम करते. गावोगाव लोकांचं बीपी आणि शुगर तपासायची, गोळ्या चालू आहेत की नाही ते बघायचं, एवढंच काम. तिचे हिशेब मी बघतो, मानधन घेत नाही. प्रत्येक गावात एक आरोग्यसखी नेमली जाते. मुलाखतीला तीन माणसं बसतात : बाहेरगावाहून येणाऱ्या डॉक्टरबाई, एक सिस्टर आणि एक स्थानिक सभासद. तो स्थानिक मी.

आकड्यांची सवय असल्यामुळे एक गोष्ट माझ्या डोक्यात बसत नव्हती. आम्ही सातजणी निवडल्या होत्या, त्यांतल्या सहा गावच्या लेकी. लेकी शिकतात, कामाला लागतात आणि लग्न होऊन सासरी जातात. चार तर गेल्याही होत्या. गाव पुन्हा रिकामं, पुन्हा मुलाखती. गावात राहणार असते ती सून. अर्जही सुनांचेच जास्त यायचे. पण सून खुर्चीवर बसली की मान खाली घालायची, पदराचं टोक बोटाला गुंडाळायची आणि शेवटपर्यंत गप्प राहायची. हिंदू घरातली असो की मुसलमान घरातली, सगळ्यांची तीच तऱ्हा. आम्ही शेरा मारायचो : बोलता येत नाही.

एका संध्याकाळी मी हे घरी बोललो. बायको तांदूळ निवडत होती.

"तुमच्यासमोर कोण बोलन?" ती म्हणाली. "तुमी साऱ्या पंचक्रोशीचे थोरले. तुमच्या मोठ्या भावासमोर मी किती वर्षांनी तोंड उघडलं, करा बरं हिशेब."

मी हिशेब केला. "सतरा."

"मंग? ह्या पोरींनी दहा मिनटांत उघडावं व्हय?"

मी डॉक्टरबाईंना म्हटलं, मी बाजूला होतो. त्या म्हणाल्या, स्थानिक माणूस हवाच, नियम आहे. गाव माहीत नसलेल्या दोघींनी निवड केली तर दुसऱ्या चुका होतील. नियम बरोबर होता आणि बरोबर नियम मोडणं मला जमत नाही. घरी येऊन तसं सांगितलं, तर बायको हसायला लागली.

"खोलीत बसा म्हणतो ना नियम? तोंड कुणीकडं करून, ते लिवलंय का त्यात?"

लिहिलेलं नव्हतं.

त्याच आठवड्यात फाट्यावर माझा शाळेपासूनचा मित्र भेटला. त्याचं मोटार भरायचं दुकान आहे. साऱ्या शिवारातल्या विहिरींच्या जळालेल्या मोटारी त्याच्याकडे येतात. त्याची सून मागच्या खेपेला मुलाखतीला आली होती आणि चकार शब्द न बोलता गेली होती.

"तुमी काय वाघ हाव का, भाऊ?" तो म्हणाला. "घरात दिवसभर बोलून राहते. तुमच्यापुढं गेली की मोटार बंद!"

"पुन्हा येऊ दे की."

"येऊन राहिली ना परवा. पण ही शेवटची बारी. तिच्या सासूनं सांगून ठेवलंय, ह्या खेपेला न्हाई झालं तं पुन्हा विषय काढायचा न्हाई. शिलाई मशीन घेऊन देऊ, घरी बसंल." मग आवाज उतरवून म्हणाला, "लग्नाच्या आधी दवाखान्यात कामाला होती ती. तेच सपान हाय तिचं."

मुलाखती बी-बियाण्याच्या दुकानावरच्या खोलीत होत्या. मी माझी खुर्ची फिरवली आणि खिडकीकडे तोंड करून बसलो. सिस्टरला हसू आवरेना. खाली हायवे, पलीकडे हळदीचं रान, त्यावर वाफेचा पडदा. पंखा गरगरत होता. एकेक बाई यायची, मागे खुर्ची सरकायची आणि काही वेळानं आवाज सुरू व्हायचा. कोण कुणाची, हे मी ओळखायचं सोडून दिलं. आवाज त्या वाफेतूनच येत आहेत असं वाटायला लागलं. मांडीवरच्या कागदावर मी नुसते गुण देत होतो.

मग एकदा खुर्ची सरकली आणि पुढे काहीच आलं नाही. डॉक्टरबाईंनी विचारलं, "एक म्हातारबाबा आहेत. म्हणतात, गोळी बंद केली, तरी मला काही होत नाही. काय सांगशील?"

खालून एक ट्रक गेला, खिडकीची काच थरथरली. माझ्या लक्षात आलं, ही मित्राची सून. मागे वळून बघायचा मोह झाला. मी वाफेकडे बघत राहिलो.

"मी म्हणन, बाबा," आवाज आला, आधी बारीक, "मोटार बंद केली तरी पाटात पाणी घडीभर चालतंच. म्हणून मोटार चालू हाय असं न्हाई."

घरच्या कपाटातली माझी गोळ्यांची पाकिटं मला आठवली.

"आणि नाहीच ऐकलं तर?"

"तर त्यांच्या बायकोला सांगन."

डॉक्टरबाई मोठ्यानं हसल्या. पण पुढचा प्रश्न त्यांनी खरा विचारला. "मोठ्या माणसांपुढं तू बोलत नाहीस. मग त्यांना तपासणार कशी?"

या प्रश्नाची मलाही धास्ती होती.

"इथं ते मला मोजून राहिले, मॅडम," ती म्हणाली. "तिथं मी त्यांना मोजन."

आमच्या तिघांच्या गुणांची बेरीज मी दोनदा तपासली. तिची निवड झाली.

जूनमध्ये ती आमच्या घरी तपासणीला आली. मी व्हरांड्यात खुर्चीवर होतो. डोक्यावर ओढणी, नजर माझ्या बायकोकडे. "चाची, चाचांना म्हणा, हात सैल सोडा." बायकोनं म्हटलं, मी सोडला. दंडावर पट्टा आवळला, मग हळूहळू हवा सुटत गेली. सवयीनं मी बाहेर बघत होतो.

तिनं पुन्हा हवा भरली. पुन्हा सोडली. मग पट्टा काढून त्याची नीट घडी केली.

"चाचा," ती म्हणाली. बायकोला नाही, मला. "गोळी कवापासून बंद हाय?"

मी वळून बघितलं. ती सरळ माझ्याकडे बघत होती.

उत्तर माझ्याजवळ होतं, तारखेसकट. पण मी मान खाली घातली आणि खांद्यावरच्या पंच्याचं टोक बोटाला गुंडाळत बसलो.

"बोलतील," बायको तिला म्हणाली. "दहा मिनटं दे त्यांना."

ती पायरीवर बसली आणि वाट बघू लागली.