निळ्याखालचा रिकामा खिळा

लोणावळ्यात माझं लग्नाच्या शूटिंगचं दुकान आहे. काउंटरमागे एक फळी आहे, तिच्यावर मेलेल्या हार्ड डिस्क कंपनीवार टांगल्यात. हिरव्या लेबलाखाली सहा, काळ्याखाली चार, निळ्याखाली नुसता खिळा. लोक पत्रिका बघून सून आणतात, मी फळी बघून डिस्क आणायचो. दुसऱ्या कुणा शूटिंगवाल्याची हिरवी गेली की मला मनापासून आनंद व्हायचा, खोटं कशाला बोलू!

एडिटिंग बायको करते. ती म्हणायची, दोन कॉप्या दोन वेगळ्या कंपन्यांच्या डिस्कवर ठेवू. मी तिला गिऱ्हाइकांसमोर हसलो. म्हटलं, बाईमाणसाला दोन डगरींवर पाय ठेवायची खोडच असते. एकाच खोक्यातल्या दोन निळ्या आणल्या, दोन्हींवर तोच माल भरला आणि पावसाळी ओल लागू नये म्हणून दोन्ही तांदळाच्या एकाच डब्यात पुरून ठेवल्या.

भाद्रपदात औंढ्याहून एक मावशी आल्या. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मुलाच्या लग्नाचं शूटिंग मीच केलं होतं. तो मुलगा उन्हाळ्यात हायवेवर अपघातात गेला. हळदीला त्यानं माइक घेऊन आईची भरपूर थट्टा केली होती, ती त्यांना ऐकायची होती. घरच्या पेन ड्राइव्हवर कुणीतरी शूटिंग पुसून गाणी भरून ठेवली होती.

"फोटो हाय घरी, आवाज न्हाई," त्या म्हणाल्या. "एकदाच ऐकव, बाबा."

पहिली डिस्क लावली. टक टक करून गप्प. दुसरी लावली, तेच. मला दरदरून घाम फुटला. मावशींच्या दुःखानं नव्हे, बायको बघत होती म्हणून.

मावशींनी पावती प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणली होती. मी ती उलगडली, तळच्या ओळीवर बोट ठेवलं आणि सांगितलं, एका वर्षानंतर आम्ही सगळं पुसून टाकतो, हा बघा नियम. त्या ओळीत 'आमची कोठेही शाखा नाही' एवढंच छापलं होतं. मावशींना वाचता येत नव्हतं.

त्यांनी पावतीची पुन्हा तशीच घडी घातली.

"माझंच चुकलं," त्या म्हणाल्या. "मीच उशीर केला."

त्या गेल्यावर बायको म्हणाली, पुण्यात एक जण मेलेल्या डिस्कमधून डेटा काढून देतो, डिस्क पाठवून तर बघू. तो पुण्याचा माणूस आमच्या लाइनीतल्या सगळ्यांना ओळखतो. माझ्या दोन निळ्या गेल्या हे आठवड्यात तळेगावापर्यंत पोचलं असतं. मी नाही म्हटलं. दोन्ही डिस्क अजून त्याच तांदळात आहेत.

परवा एका नव्या शूटिंगवाल्यानं विचारलं, डिस्क कुठली घेऊ? मी फळीवरचा रिकामा खिळा दाखवला. म्हटलं, "निळी घे. आजवर एकही गेली नाही."

बायको उठून आत गेली.